मालक बदलला, भाडेकरू तेच

मुंबईतल्या जुन्या चाळीत आयुष्य काढलेल्या माणसाला 'मालक बदलला' या दोन शब्दांची फारशी भीती वाटत नाही. चाळ विकली जाते, भाडेपावतीवर नवे नाव येते, भाडे वसूल करायला नवा मेहताजी येऊ लागतो. फार तर जिन्याच्या कठड्याला रंग लागतो. नळाला पाणी पूर्वी जितके आणि ज्या वेळेला यायचे तितकेच आणि त्याच वेळेला येत राहते. खरेदीखत झाले ते दोन मालकांमध्ये, भाडेकरूला ते शेजाऱ्याकडून कळते.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे गेली तीस वर्षे मुंबईत आमच्या डोळ्यांसमोर असलेली एक मोबाइल कंपनी. मॅक्स टच, ऑरेंज, हच, व्होडाफोन आणि वी, अशी पाच नावे तिने आजवर घेतली. मी शाळेत इतिहास शिकवला. सातवाहन, वाकाटक, चालुक्य, राष्ट्रकूट, यादव ही माळ मुलांकडून पाठ करून घेताना जो क्रम सांगावा लागे तसाच हा क्रम आहे. फरक इतकाच की त्या घराण्यांना बदलायला शतके लागली आणि इथे सगळे एका नोकरीच्या काळात उरकले. या काळात एकच गोष्ट टिकली. ज्यांनी अगदी सुरुवातीला फोन घेतला त्यांचा ९८२० ने सुरू होणारा नंबर. एके काळी मुंबईत हा आकडा सांगताना लोकांचा आवाज किंचित चढत असे.

सुरुवातीपासून पाहू. १९९२ मध्ये सरकारने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांसाठी मोबाइल सेवेच्या निविदा मागवल्या. मग प्रकरण कोर्टात गेले आणि परवाने मिळेपर्यंत १९९४ साल उजाडले. प्रत्येक शहरात दोनच कंपन्या ठेवायच्या असे धोरण होते. मुंबईत एक परवाना बीपीएलला मिळाला आणि दुसरा हचिसन मॅक्स या कंपनीला. यातले हचिसन म्हणजे हाँगकाँगच्या ली का-शिंग यांचा उद्योग आणि मॅक्स म्हणजे दिल्लीच्या अनलजित सिंग यांचा. दोघांनी मिळून 'मॅक्स टच' नावाची सेवा काढली. देशातला पहिला मोबाइल कॉल मात्र मुंबईतून झाला नाही. तो ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्यातून ज्योती बसू यांनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना केला.

त्या वेळी एका मिनिटाला १६ रुपये ८० पैशांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. आमच्या शाळेच्या पालकसभेत मी पहिल्यांदा मोबाइल पाहिला तो एका कंत्राटदार पालकाच्या हातात. विटेएवढा तो फोन वाजला की ते गृहस्थ नंबर बघून तो बंद करत आणि घाईघाईने कोपऱ्यावरच्या पीसीओकडे जात. तिथून एका रुपयात बोलून परत येत. आम्हा शिक्षकांना त्याची गंमत वाटे. परंतु त्यांचा हिशेब अगदी चोख होता.

त्याच वर्षी, म्हणजे ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला होता. खटला क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणाचा होता, मोबाइलशी त्याचा काही संबंध नव्हता. पण त्यात न्यायालयाने असे म्हटले की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. निकाल देणाऱ्यांत आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. हा निकाल मला महत्त्वाचा वाटतो, कारण पुढच्या तीस वर्षांत जे काही विकले आणि विकत घेतले गेले त्याच्या मुळाशी हीच मालमत्ता आहे. टॉवर, तारा, यंत्रे हे सारे कंपन्यांचे. पण ज्या लहरींवरून आपला आवाज जातो त्या तुमच्या-माझ्या आहेत. कंपनीला त्या ठरावीक मुदतीसाठी वापरायला दिलेल्या असतात.

सुरुवातीची चार-पाच वर्षे धंदा काही फार वाढला नाही. परवान्याचे ठरलेले भरमसाट शुल्क, महाग दर आणि मूठभर ग्राहक यात कंपन्या अडकल्या. १९९८ मध्ये मॅक्सने आपला बराचसा हिस्सा विकून टाकला. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने ठरावीक शुल्काऐवजी उत्पन्नातला वाटा सरकारला द्यायची सोय केली आणि कंपन्या वाचल्या. या वाट्याचा हिशेब पुढे वीस वर्षांनी किती महागात पडणार होता हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नसावे.

२००० मध्ये मॅक्स टचचे नाव ऑरेंज झाले. या नावाचीही एक कथा आहे. ऑरेंज हे हचिसननेच इंग्लंडमध्ये १९९४ साली काढलेले नाव. १९९९ मध्ये त्यांनी तिथला तो धंदा मानेसमान या जर्मन कंपनीला विकला. लगेच पुढच्या वर्षी व्होडाफोनने मानेसमान गिळली. नियमांमुळे तिला ऑरेंज जवळ ठेवता येईना, म्हणून तिने ती फ्रान्स टेलिकॉमला विकली. म्हणजे ज्या व्होडाफोनने पुढे मुंबईतली ही कंपनी घेतली, तिच्या हातातून ऑरेंज एकदा येऊन गेले होते. इकडे दादरच्या पुलाखाली नारिंगी फलक पाहणाऱ्या आपल्याला या युरोपातल्या सोयरिकीची काय कल्पना असणार!

मुंबईत खरा बदल झाला तो नाव बदलल्याने नव्हे. २००१ मध्ये एमटीएनएलची डॉल्फिन सेवा आली, २००२ मध्ये एअरटेल आले. दोनाच्या जागी चार दुकाने झाली. १ मे २००३ पासून येणारे कॉल फुकट झाले. आमच्या त्या पालकांची पीसीओकडे जाणारी धावपळ थांबली असेल ती या तारखेला. त्यानंतर बघता बघता भाजीवाल्याकडे, इस्त्रीवाल्याकडे, घरकामाच्या बाईंकडे फोन आला. दहा रुपयांचे रिचार्ज आणि मिस्ड कॉलची भाषा आली. दोनदा वाजवून बंद केला तर 'निघालो', एकदा वाजवला तर 'खाली ये'. हे शहाणपण लोकांनी स्वतःच काढले, कुठल्या कंपनीने शिकवले नाही. त्या काळात कंपन्यांनी खरेच चांगले काम केले हे मान्य केले पाहिजे. ज्या देशात साध्या टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून बसावे लागे, तिथे दुकानात जाऊन अर्ध्या तासात फोन घेऊन बाहेर पडता येऊ लागले. पण त्याचे श्रेय मी कोणा एका मालकाला देणार नाही. चार दुकाने समोरासमोर आली म्हणून भाव उतरला, एवढे साधे अर्थशास्त्र त्यामागे होते.

२००३ साली मुलाच्या मागेमागे फिरणारे ते चपट्या नाकाचे कुत्रे टीव्हीवर आले आणि घराघरांत लाडके झाले. ती जाहिरात हचची होती. मुंबईत मात्र ऑरेंज हेच नाव चालू होते, ते २००५ मध्ये हच झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस सगळ्याच कंपन्यांमध्ये 'लाइफटाइम' योजनांची लाट आली. ९९९ रुपये एकदा भरा, येणारे कॉल आयुष्यभर चालू. कित्येक निवृत्त माणसांनी पेन्शनमधून हे पैसे भरले. आयुष्यभर म्हणजे नेमके कोणाच्या आयुष्यभर, हे बारीक अक्षरात लिहिलेले होते. ते ग्राहकाचे आयुष्य नव्हते, कंपनीच्या परवान्याचे होते.

आता २००७ कडे येतो, कारण या सगळ्या कहाणीतला सर्वांत मोठा व्यवहार त्या वर्षी झाला. ११ फेब्रुवारी रोजी व्होडाफोनने जाहीर केले की हचिसनचा भारतातल्या कंपनीतला ६७ टक्के हिस्सा आपण सुमारे ११ अब्ज डॉलरला घेत आहोत. उरलेला ३३ टक्के एस्सारकडे होता. संपूर्ण कंपनीची किंमत तेव्हा १८.८ अब्ज डॉलर धरली गेली आणि ग्राहक होते २ कोटी ३३ लाख. मी कागद-पेन्सिल घेऊन भागाकार केला. एका ग्राहकामागे सुमारे ८०० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने ३५ हजार रुपयांच्या आसपास किंमत पडली. महिन्याला दीडशे-दोनशे रुपयांचे रिचार्ज करणाऱ्या माणसाचे मोल बाजारात ३५ हजार रुपये!

इथे चाळीची तुलना उलटी होते. चाळ भाडेकरूंसकट विकली तर तिची किंमत घटते, मोकळी जागा असेल तर वाढते. मोबाइल कंपनीचे याच्या नेमके विरुद्ध आहे. भाडेकरू आहेत म्हणूनच तिला किंमत आहे. ते निघून गेले तर मागे काही लोखंडी टॉवर, सरकारकडून मुदतीने घेतलेल्या लहरी आणि बरेचसे कर्ज उरते. असे असूनही सौद्याच्या टेबलावर या दोन कोटी ३३ लाखांपैकी एकालाही खुर्ची नव्हती.

या व्यवहाराची रीतही पाहण्यासारखी आहे. भारतातल्या कंपनीचे शेअर भारतात विकलेच गेले नाहीत. केमन बेटांवर नोंदलेली एक छोटी कंपनी होती आणि तिच्या पोटात एकात एक अशा अनेक कंपन्यांतून हा भारतातला धंदा ठेवलेला होता. विकला गेला तो त्या केमन कंपनीचा शेअर. म्हणजे चाळ विकलीच नाही, चाळीची कागदपत्रे ज्या कपाटात आहेत ते कपाट विकले, आणि कपाट होते परदेशात. आपल्या आयकर खात्याने म्हटले की चाळ तर इथेच आहे, तेव्हा कर भरा. मागणी ११ हजार कोटींच्या वर होती. सप्टेंबर २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खात्याच्या बाजूने निकाल दिला. २० जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि तेव्हाच्या कायद्यात हा कर बसत नाही असे सांगितले. त्यावर सरकारने त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात कायदाच मागच्या तारखेपासून बदलला.

मला विचाराल तर इथल्या मालमत्तेवर कमावलेल्या नफ्यावर इथे कर लागायला हवा, ही खात्याची भावना रास्तच होती. पण परीक्षा झाल्यावर प्रश्नपत्रिका बदलणे हे कोणत्याही शिक्षकाला पटणार नाही. पेपर काढताना प्रश्न राहून गेला असेल तर तो पुढच्या वर्षी घालावा. सप्टेंबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने व्होडाफोनच्या बाजूने निवाडा दिला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने तो मागच्या तारखेचा कायदा मागे घेतला. चौदा वर्षे हा वाद चालला. यात वकिलांना काम मिळाले, देशाच्या नावाची चर्चा झाली, आणि नफा कमावून गेलेला हचिसन केव्हाच दुसऱ्या उद्योगाला लागला होता.

२००७ च्या सप्टेंबरमध्ये गुलाबी हच जाऊन लाल व्होडाफोन आले. पुढे एस्सारने २०११ मध्ये आपला हिस्सा व्होडाफोनला विकायचे ठरवले आणि सुमारे ५ अब्ज डॉलर घेऊन तो बाहेर पडला. अजय पिरामल यांच्या कंपनीने सुमारे ११ टक्के हिस्सा घेतला आणि दोन-अडीच वर्षांत, २०१४ मध्ये, ८,९०० कोटींना परत व्होडाफोनलाच विकला. त्याला तिने घातले होते सुमारे ५,९०० कोटी. यात गैर काही नाही, व्यापारी नफ्यासाठीच व्यापार करतो. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मॅक्स, हचिसन, एस्सार, पिरामल हे सगळे वेळेवर उठून गेले.

व्होडाफोनची जी जोडीदारीण पुढे झाली त्या आयडियाची वंशावळ आपल्या महाराष्ट्राशी आणखी जवळची आहे. बिर्ला आणि अमेरिकेची एटी अँड टी यांनी मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात इथे १९९७ मध्ये सेवा सुरू केली. नंतर त्यात टाटा आले. बिर्ला, एटी अँड टी, टाटा या तिघांच्या आद्याक्षरांवरून लोक तिला चक्क 'बटाटा' म्हणू लागले! २००२ मध्ये तिचे आयडिया झाले. अमेरिकन भागीदार २००५ मध्ये गेला, टाटा २००६ मध्ये गेले, बिर्ला उरले. पुण्याकडे ९८२२ या आकड्याला जो मान होता तो या कंपनीचा.

या सगळ्या उलाढालीत ग्राहकाला मिळालेला एकच खरा हक्क मला दिसतो, तो म्हणजे २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू झालेली नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय. त्याआधी नंबर कंपनीचा होता, त्या दिवसापासून तो व्यवहारात आपला झाला. पण या हक्काला धार येते ती समोर चार-पाच दुकाने असतील तेव्हाच.

आणि दुकाने तर बंद पडत चालली होती. मुंबईतली पहिली दुसरी कंपनी, म्हणजे बीपीएल, २००९ मध्ये लूप झाली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये परवान्याची मुदत संपताच बंद पडली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओ आली आणि तिने काही महिने सगळेच फुकट वाटले. लोकांचा फायदा झाला यात शंका नाही. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना परदेशातल्या नातवंडांचे तोंड रोज दिसू लागले ते त्यानंतरच. पण एअरसेल, रिलायन्स कम्युनिकेशन्स, टेलिनॉर, टाटा डोकोमो ही नावे दोन-तीन वर्षांत पुसली गेली. व्होडाफोन आणि आयडियाने ३१ ऑगस्ट २०१८ रोजी एकत्र संसार थाटला. त्या दिवशी त्यांचे मिळून ४० कोटींहून अधिक ग्राहक होते, देशात सर्वांत जास्त. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपन्यांनी दरमहा निदान ३५ रुपयांचे रिचार्ज सक्तीचे करायला सुरुवात केली आणि 'आयुष्यभरा'च्या जुन्या योजनांवाल्यांना आपले आयुष्य कुठवर होते ते कळले.

मग तो १९९९ चा हिशेब पुढे आला. उत्पन्नातला वाटा द्यायचा, पण उत्पन्न कशाला म्हणायचे? कंपन्या म्हणत, फक्त फोनच्या धंद्यातले. सरकार म्हणे, भाडे, व्याज, लाभांश, सगळेच धरा. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे उचलून धरले. सरकारच्या हिशेबाप्रमाणे व्होडाफोन आयडियाचे देणे ५८ हजार कोटींच्या वर गेले. त्यात व्याज, दंड आणि दंडावरचे व्याज यांचाच भरणा मोठा होता. त्या एका तिमाहीत कंपनीने ५०,९२१ कोटींचा तोटा दाखवला. तोवर भारतातल्या कुठल्याही कंपनीने एका तिमाहीत इतका तोटा दाखवला नव्हता. ७ सप्टेंबर २०२० रोजी कंपनीने 'वी' हे नवे नाव घेतले. २०२१ मध्ये कुमारमंगलम बिर्ला यांनी आपला हिस्सा सरकारला किंवा सरकार म्हणेल त्याला देऊन टाकायची तयारी पत्राने कळवली.

शेवटी तसेच काहीसे घडले, वेगळ्या वाटेने. फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारने १६,१३३ कोटींच्या येण्याच्या बदल्यात कंपनीचे शेअर घेतले. २०२५ मध्ये आणखी ३६,९५० कोटींच्या बदल्यात घेतले आणि सरकारचा हिस्सा ४८.९९ टक्के झाला. कारभार मात्र बिर्ला आणि व्होडाफोन यांच्याकडेच राहील असे ठरले. दोन्ही रकमांची बेरीज ५३,०८३ कोटी. पुन्हा भागाकार केला. १४० कोटी लोकसंख्येने भागले तर माणशी पावणेचारशे रुपयांहून थोडे जास्त होतात. तान्ह्या बाळासकट प्रत्येकाचे इतके पैसे या कंपनीत आहेत. २०२५ मध्ये तिचे ग्राहक मात्र २० कोटींच्या आसपास, म्हणजे लग्नाच्या दिवशी होते त्याच्या निम्मे उरले.

वर्गात वंशावळ शिकवताना दर एक-दोन वर्षांनी एखादा मुलगा हमखास विचारायचा, "सर, राजा बदलल्यावर शेतकऱ्याचा सारा कमी व्हायचा का?" पुस्तकात याचे उत्तर नसे. माझे उत्तर असे की राजा बदलल्याने सहसा होत नसे, पण शेजारी दुसरे राज्य असेल आणि शेतकऱ्याला नांगर उचलून तिकडे जाता येत असेल तर होत असे. मोबाइलच्या बाबतीत मला हेच दिसते. हाँगकाँगचा मालक असो, लंडनचा असो की मुंबईचा, दर उतरले ते दुकाने वाढली तेव्हा, आणि चढले ते दुकाने कमी झाली तेव्हा. डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ आणि जुलै २०२४ अशा तीन वेळा दर वाढले. २०२४ मध्ये दोन कंपन्यांचे नवे दर ३ जुलैला लागू झाले आणि तिसरीचे ४ जुलैला. नंबर घेऊन जाणार कुठे?

कोणी म्हणेल, बुडणारी खाजगी कंपनी जनतेच्या पैशाने का वाचवायची? प्रश्न योग्य आहे. मालकांबद्दल मला काही ममत्व नाही. पण १९९५ मध्ये मुंबईत दोनच कंपन्या होत्या तेव्हा काय होते ते आम्ही पाहिले आहे. तेव्हाची यंत्रे महाग होती, शुल्क जास्त होते हे खरे. तरी दोनच दुकानांच्या बाजारात गिऱ्हाइकाला कोणी विचारत नाही हा नियम यंत्र स्वस्त झाल्याने बदलत नाही. म्हणून तिसरी कंपनी जगली पाहिजे असेच मी म्हणेन. फक्त ती आपल्या पैशाने जगत असेल तर त्याचा हिशेब आपल्याला मिळाला पाहिजे. सरकारने जवळजवळ निम्मी मालकी घेतली आणि चाव्या दुसऱ्यांकडे ठेवल्या. मग निदान दर वर्षी संसदेत साध्या भाषेत सांगावे की या शेअरांची किंमत आज किती, ते किती काळ ठेवणार, आणि पुढे विकताना खरेदीदाराकडून कोणत्या अटी लिहून घेणार.

दुसरी गोष्ट ग्राहकांची. दोन कंपन्या एक होतात तेव्हा कायद्याने भागधारकांची आणि धनकोंची संमती घेतली जाते. प्रीपेडचा ग्राहक तर पैसे आगाऊ भरतो. ज्याने आधी पैसे दिले आणि ज्याचे देणे अजून फिटायचे आहे, त्याला व्यवहारात धनकोच म्हणतात. मग मालक बदलताना त्याच्या हातात एक पानाचे पत्र का नको? त्याच्या भाषेतले, वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरातले. तुमची शिल्लक, तुमची योजना आणि तिची मुदत आहे तशी राहील, तुमच्या भागातले तक्रारीचे केंद्र अमुक ठिकाणी चालू राहील, एवढे त्यात असले तरी पुरे. आणि परवान्याच्या मुदतीपेक्षा लांबचे वचन देणारे 'आयुष्यभर'सारखे शब्द जाहिरातीत वापरायला बंदी असावी.

तुम्ही म्हणाल, एका फोनच्या नंबरासाठी इतके कशाला? पण आता तो नुसता फोन राहिलेला नाही. बँकेचा ओटीपी त्यावर येतो, गॅसची नोंदणी त्यावर होते, आधारला तो जोडलेला असतो, पेन्शन जमा झाल्याचा निरोप त्यावरच येतो. माझ्या वयाच्या माणसाचा नंबर बंद पडला तर त्याचे दार बंद पडल्यासारखे होते. डिसेंबर २०२४ मध्ये नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना सांगितले की इंटरनेट नको असणाऱ्यांसाठी नुसत्या बोलण्याच्या आणि एसएमएसच्या योजनाही ठेवा. हे आमच्यासारख्यांच्या सोयीचेच झाले. कोणी आग्रह धरला की नियम होतात, हे त्यावरून दिसते.

चाळीतल्या भाडेकरूलाही आपले हक्क कोणी आपणहून दिले नव्हते. भाडे नियंत्रणाचा कायदा झाला म्हणून मालक कितीही बदलले तरी त्याला एका रात्रीत बाहेर काढता येईना. त्या कायद्याने पुढे चाळी मोडकळीला आल्या हेही खरे, प्रत्येक कायद्याला दुसरी बाजू असते. पण घर विकले जाताना आत माणसे राहतात, याची आठवण त्याने मालकांना ठेवायला लावली. मोबाइलच्या ग्राहकांसाठी अशी आठवण ठेवायला लावणारे अजून फारसे काही नाही.

पुढे सहावे नाव येईल की नाही, आणि आले तर त्याचा रंग कोणता असेल, ते येणारा काळ ठरवील. तुमच्याकडे ९८२० किंवा ९८२२ चा जुना नंबर असेल तर त्याने किती नावे पाहिली ते मोजून जरूर कळवा. असो.